कुठल्या पलंगाची बेल

मीठ मागितलं की आमचे वेंडेल आजोबा मीठच देत. मिरपूड शेजारीच असली तरी नाही. "मीठ हवंय ना? मग अख्खं कपाट उचलून देऊ काय?"

प्रोग्रामही ते तसाच लिहीत. अमेरिकेतल्या मायनॉट गावच्या एका छोट्या कंपनीत वृद्धाश्रमांच्या बेलचं काम त्यांच्याकडे होतं. पलंगाशेजारचं बटण दाबलं की प्रोग्रामात एक इव्हेंट तयार व्हायचा: कुठली खोली, कुठला पलंग, किती वाजता. तो नर्सला कळवणाऱ्या मेथडकडे, म्हणजे प्रोग्रामातल्या त्या कामाच्या तुकड्याकडे, सोपवायचा असतो. आजोबांनी त्यातला खोलीचा नंबर तेवढा सोपवला.

"अहो वेंडेल, अख्खा इव्हेंटच द्या की!" सहकारी डेनीस नाकातून म्हणाली. "उद्या खोलीत दोन पलंग आले म्हणजे?"

"उद्याचं उद्या बघू गं बाई. पाहुण्याचा पत्ता नाही आणि तू ताट वाढून बसलीस!"

ऑफिसभर हशा.

पुढे एका वृद्धाश्रमातल्या खोलीत दोन पलंग आलेच. खिडकीजवळच्या पलंगावर आजोबांची आई, इंगा पणजी. दाराजवळ हेझलबाई, आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आणि विसराळूपणा त्याहून मोठा.

मार्चमधल्या एका दुपारी बेल वाजली. नर्सच्या पडद्यावर नुसता खोलीचा नंबर. तिनं दारातूनच विचारलं, "कोणी बोलावलं?"

"मीच असणार!" हेझलबाई म्हणाल्या. "पाणी दे गं. आणि ही उशी बघ कशी मेली घसरते!"

पणजी झोपल्यासारखी दिसत होती. नर्स पाणी देऊन गेली. संध्याकाळी पणजी वारली.

डॉक्टर म्हणाले, आधी कळूनही उपयोग नव्हता. आजोबा म्हणाले, "ते नाही हो विचारत मी. तिला मला बोलवायचं होतं का, एवढंच." त्यांचं ऑफिस तर दोन गल्ल्या पलीकडे होतं.

त्यांनी मेथड बदलली. आता तिला अख्खा इव्हेंट मिळतो. डेनीस 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, म्हणतात आजोबा.

रविवारी रूबार्बच्या, म्हणजे तिकडच्या आंबट देठांच्या, वड्या घेऊन ते हेझलबाईंकडे जातात.

"त्या दिवशी बेल तुम्हीच दाबलीत ना?"

"दाबली असेन रे. मी दिवसभर दाबते. तुझी आई मात्र हात लावायची नाही. म्हणायची, माझ्या वेंडेलनं केलंय ते, उगाच कशाला झिजवायचं?"

आजोबा हातातली वडी परत डब्यात ठेवतात.

"घ्या," म्हणतात, "सगळा डबाच घ्या."