घंटी जाम होऊ नये म्हणून

घुग्घुसच्या आमच्या गल्लीतले एक भाऊ खाणीतली पाळी सांभाळून शेजाऱ्यांच्या दारावरच्या विजेच्या घंट्या दुरुस्त करतात. बोलताना त्यांची नजर भिंतीवर असते. माझी घंटी उघडून त्यांनी तांब्याच्या वेटोळ्यातली लोखंडी कांडी फडक्याने पुसली.

"बाई, कोळशाची धूळ बसून जाम झाली. कोणी वाजवत नाई काऊन?"

"येतंच कोण?" मी म्हणाले.

त्यांनी बटण दाबून पाहिले. कांडी पितळी पट्ट्यांवर आपटून नीट वाजली, तसे ते निघून गेले.

तेव्हापासून पाळीवर जाताना ते मोटारसायकल थांबवून माझी घंटी वाजवतात. "जाम नाई झाली पायजे," एवढेच बाहेरून म्हणतात आणि जातात.

हल्ली त्या वेळेला मी दारामागे खुर्ची घेऊन बसते. दार मात्र उघडत नाही. मी समोर दिसले, तर ते घंटी वाजवणार नाहीत.