आत्याच्या नाकावरची माशी

लोक लग्नामुंजीत फोटो काढतात. मी आमच्या घरातल्या माश्यांचे काढले आहेत.

तेव्हा आम्ही धरमपेठेत दोन खोल्यांत राहत होतो. काटोलहून माझी आत्या पंधरा दिवस राहायला आली आणि त्याच हिवाळ्यात घरात माश्या शिरल्या. दुपारी ऊन आलं की त्याही येत. आत्यानं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला, कुसुमला, म्हणाली, "घर झाडत जा वं पोरी." बास, एवढंच. कुसुमनं तीनदा फरशी पुसली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. (फरशीचा राग नवऱ्यावर का, हे मला आजही कळलेलं नाही.)

शेजारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे बोकारे सर राहत. ते म्हणाले की प्रत्येक माशी काही घाणीवरची नसते, जात ओळखली की ती कशासाठी येते ते सांगता येतं. मी उत्साहानं पुडीत एक माशी नेली. पण कुसुमनं ती वर्तमानपत्रानं मारली होती. सरांनी निरखून पाहिलं आणि बातमी वाचता येते, माशी नाही, असं सांगितलं. त्यापेक्षा फोटो आणा म्हणाले.

मेहुण्याचा कॅमेरा मागून आणला. तीन फुटांच्या आत त्या कॅमेऱ्याला नीट दिसत नसे आणि तीन फुटांवरून मला माशी दिसत नसे! शिवाय ती बसायला हवी. म्हणून मी भिंतीला गूळ लावला. नेमकी आत्या आली.

"माश्यायले गूळ चारून राहिला काय गा तू?"

मी शास्त्राचं काम आहे म्हणालो. तिनं कुसुमकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच सहानुभूती होती.

रोल धुऊन आला. अकरा फोटोंत भिंत उत्तम आली होती. बारावा मी दुपारी घाईनं घेतला होता. त्यात आत्या खाटेवर झोपली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर माशी, स्पष्ट!

संध्याकाळी सर आमच्याकडे आले आणि तो फोटो भिंगाखाली धरून बसले. बराच वेळ. तेवढ्यात आतून आत्या आली. तिला दिसलं ते इतकंच, की एक परका माणूस आपला झोपेतला फोटो भिंगातून न्याहाळतो आहे.

"गैरसमज नको," सर घाबरून उठले, "मी तुम्हाला नाही, तुमच्या नाकाला पाहतोय."

यानं प्रकरण निवळलं नाही. शेवटी मी मधे पडलो आणि सगळं सांगितलं. आत्या भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "पहा मंग. पन लवकर पहा."

सरांनी निकाल दिला. नाकाच्या मापानं ही माशी फारच लहान आहे. ही घाणीवरची नव्हेच, ही सडलेल्या फळांवरची. कुसुम पंधरवड्यात पहिल्यांदा हसली. पण सरांचं भिंग अजून सरकत होतं, नाकावरून खाटेवर आणि खाटेवरून खाली.

"भाऊ, हे पोत्याखाली काय झाकलंय?"

ते संत्र्यांचं टोपलं होतं. आत्यानं आणलेलं. ऑफिसातल्या साहेबांना देऊन येतो म्हणून मी खाटेखाली सरकवलं होतं, ते तिथंच राहून गेलं, आणि कुसुमनं विचारल्यावर दिलं म्हणून सांगितलंही होतं. वास येत होता, पण तो सगळ्यांनी आत्याच्या गुडघ्याच्या तेलावर ढकलला होता. मी टोपलं ओढलं. खोलीत ढगासारख्या माश्या उठल्या.

आत्यानं नाकाला पदर लावला. कुसुमनं शांतपणे चहाचा कप सरांपुढे ठेवला आणि विचारलं,

"सर, यांचा फोटो आणून दिला तर हे कोणत्या जातीचे, ते सांगता येईल काय?"

सरांनी मान हलवली. म्हणाले, त्यासाठी फोटोची गरज नाही.