आईचं गाणं रंगवणारा पेंटर

गाणं लावून लगेच आवाज बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात त्याला सगळे पेंटर म्हणायचे. ब्रश मात्र त्याने कधी हातात धरला नव्हता. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात गाणं घातलं की स्क्रीनवर चित्र उमटायचं. सूर चढला की रेघ वर, आवाज वाढला की रेघ जाड, आणि रंग सुरागणिक वेगळा. चित्र पुरं होईपर्यंत पेंटर त्या मुक्या स्क्रीनकडे बघत बसायचा. "कान फसवतात रे," म्हणायचा, "गाणं आवडीचं असलं की चित्रही चांगलंच वाटतं."

त्याचं सगळ्यात मोठं चित्र आईच्या गाण्याचं होतं. आई आंबिवलीच्या चाळीत राहायची, जयंतीला भीमगीतं गायची. वरच्या सुरात तिचा आवाज फाटायचा. तिथे चित्रातली निळी रेघ उसवल्यासारखी सुटायची.

"एवढं साफ करता येईल की," मी म्हणालो.

"येईल. पण मग ती आई राहणार नाही."

नौपाड्यातल्या आमच्या कलामंडळात त्याचं प्रदर्शन मीच ठरवलं. यमन, भैरवी, तोडी यांच्या पाट्यांना कुणाची हरकत नव्हती. आईच्या गाण्याच्या चित्रासाठी त्याने लिहून दिलं होतं, 'आईचं भीमगीत'. कार्यवाह मला बाजूला घेऊन म्हणाले, "चित्र उत्तमच आहे हो. पण उगाच वाद नको. 'लोकधून' लिहू या." मी पेंटरला न विचारता पाटी बदलली. विचारायची हिंमतच नव्हती.

उद्घाटनाला आई पांढरी साडी नेसून आली. एकेक अक्षर लावत तिने पाटी वाचली. "अरे, हे माझंच ना? मग माझं गाणं कुठं गेलं?"

पेंटरने माझ्याकडे पाहिलं. "कुणी बदललं?"

"मंडळानं," मी म्हणालो.

त्याने चित्र उतरवून बगलेत धरलं, दुसऱ्या हाताने आईचा हात धरला आणि तो गेला. कार्यवाहांनी मोकळ्या खिळ्यावर भैरवी लावायला सांगितली. ती मीच लावली.

महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. कल्याणच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो, चित्रं बंद केली, एवढंच कानावर आलं.

दोन वर्षांनी आई गेल्याचं कळलं, तेव्हा त्याला भेटायला आंबिवलीला गेलो. त्याने चहा केला. शेवटी सांगून टाकलं, "ती पाटी मीच बदलली होती."

"माहीत होतं. आईलाही," तो म्हणाला. मग कप माझ्यापुढे सरकवला. "चहा घ्या तुम्ही."

आठ वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो होतो. त्याने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.