भिकुबाईची गंगाजळी

भिकुबाईने आयुष्यात कुठलंही भांडं पार रितं केलं नव्हतं. धुळ्याकडच्या तिच्या माहेरी कणगीतलं धान्य काढताना तळाला मूठभर राहू द्यायची रीत. लक्ष्मीला बसायला जागा हवी ना. आता कणगीचं एक समजू शकतं, पण या बाईने ती रीत तेलाच्या बरणीला लावली, साबणाच्या वडीला लावली, कुंकवाच्या करंड्यालाही लावली. फळीवर चिमूटभर उरलेल्या डब्यांची ही रांग, आणि नवा डबा ठेवायला जागा नाही. सासरचे हसायचे. हसा म्हणावं. कुणाचं पोट दुखलं की ओवा, सुंठ याच फळीवरून निघायची, तेव्हा बरे सगळ्यांचे हात पुढे यायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र तीच अडली होती. छातीचा आजार, एकदा जाऊन पुन्हा उलटलेला. दुपार कलली की ताप चढायचा. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मान हलवली. गोळ्यांचा कोर्स पुरा करूनही हा जात कसा नाही, ते त्यांना उमगेना. या खेपेला गेला नाही तर फुप्फुस हातचं जाईल, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तिचा नवरा रुपचंद. पाचोऱ्यात स्टेशनरोडला त्याची कॅसेट लायब्ररी होती. केबल आली आणि कॅसेटींना कुत्रं विचारेना, म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्याने मुंबईहून जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. दुपारी बाजार उन्हाने झोपला की तो यंत्र उचलून घरी आणायचा, भिकुबाईच्या खाटेसमोरच्या टीव्हीला लावायचा. तेवढीच तिला करमणूक.

खेळ होता भुताटकीचा. कुलपं लावलेला मोठा बंगला, मेलेली माणसं उठून चालतात, आणि आत एकटी बाई. तिने बाहेर पडायचं. तिच्याजवळ एक पिशवी, पिशवीला मोजके कप्पे. एका कप्प्यात पिस्तूल, एकात बंदूक, काडतुसं त्यांच्यातच भरलेली. बाकीच्यांत औषधाच्या बाटल्या. रिमोट रुपचंदच्या हातात, हुकूम भिकुबाईचा.

"बठ्ठं नका वापरू. जराखं राहू द्या," ती उशीवरून सांगायची. इथेही सगळं संपवायचं नाही.

बाईला जखम झाली तरी बाटलीत घोटभर औषध राखायचं. बंदुकीत एक काडतूस राखायचं. एका खोलीत खेळाने विचारलं, मोठी पिशवी हवी की जोरदार बंदूक? दोन्ही मिळणार नाही. रुपचंदचे हात बंदुकीसाठी शिवशिवत होते.

"पिशवीच ल्या," भिकुबाई म्हणाली. त्याने घेतली. आजारी माणसाशी कोण भांडणार?

मग ताप चढायचा आणि बंगला भिंतीतून बाहेर यायचा. भिकुबाईला वाटायचं, आपणच त्या जिन्यावरून चाललोय. दार लोटलं की माहेरची कापसाची खोली, आढ्यापर्यंत पांढरी. ती बाई कापसात कमरेपर्यंत रुतून हळूहळू पुढे सरायची, पावलाचा आवाज नाही. भिकुबाई तिची पिशवी धरून मागून चालायची. पिशवी जड होती आणि ते बरं वाटायचं. कापूस गार होता. कुणी हाक मारली तरी तिथून परत यावंसं वाटायचं नाही.

एका दुपारी शेवटची किल्ली सापडली. समोर बाहेरचं दार. रुपचंदने किल्ली उचलायला बटण दाबलं, खेळाने नकार दिला. पिशवीत जागाच नव्हती. त्याने एकेक कप्पा उघडला. घोटभर बाटली. एका काडतुसाची बंदूक. दुसरी घोटभर बाटली. तिसरी. मोठी पिशवी उष्ट्यांनी भरली होती.

"कसाले ठेवं हाई बठ्ठं?" तो हसत म्हणाला. आणि हसताहसता मान वळवून त्याने फळीकडे पाहिलं.

तो उठला तशी भिकुबाई उशीवरून उठून बसली. एकेक डबा हलवून पाहत त्याने ओव्याच्या डब्यामागचा डबा काढला. आत तिच्या गोळ्यांची पाकिटं होती, गेल्या वर्षीची आणि यंदाची, आणि प्रत्येकात शेवटच्या काही गोळ्या तशाच. डॉक्टर विचारायचे, सगळ्या घेता ना? ती हो म्हणायची.

रुपचंद खाटेच्या कडेला बसला. पाकिटं त्याने तिच्यासमोर मांडली.

"बठ्ठ्या सरन्यात, आनि तरी ताप उना ते?" भिकुबाई म्हणाली. "मंग मनाजोडे काय राही?"

रीतभात राहिली बाजूला, खरी गोष्ट ही होती. डब्यात गोळ्या आहेत तोवर बरं व्हायची आशा आहे. सगळ्या गिळल्या आणि गुण आला नाही, तर पुढे कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ती घाबरली होती. दोन वर्षं घाबरली होती आणि कुणाला बोलली नव्हती.

"माले गोळ्या नको ठेऊ," रुपचंद म्हणाला. "तू ऱ्हाय."

डॉक्टर खूप रागावले, आणि कोर्स पहिल्यापासून सुरू झाला. रुपचंद रोज ती गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. खेळातली बाई त्याच आठवड्यात बंगल्याबाहेर पडली, बाटल्या पिऊन, काडतुसं उडवून, किल्ली तेवढी घेऊन. भिकुबाईने ते उशीवरून पाहिलं.

शेवटची गोळी तिने हिवाळ्यात घेतली, कपाशी घरात यायच्या दिवसांत. गिळली आणि दिवसभर ओसरीत बसली. डब्यात आता काही नव्हतं. दुपार कलली, पूर्वी ताप यायचा ती वेळ झाली. रुपचंद दुकान बंद करून आला, शेजारी बसला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून राहिला. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, अंगणातून गेलं. ताप आला नाही. तेव्हा भिकुबाई रडायला लागली, आणि त्याने तिला पोटभर रडू दिलं.