चौथा कंट्रोलर

मीटरबाईचं खरं नाव शिधापत्रिकेवर आहे आणि तिच्या नवऱ्याला माहीत होतं. तो गेल्यापासून कुणाला त्याची गरज पडलेली नाही. घरात ती वहिनी, गल्लीत मावशी आणि पाठीमागे मीटरबाई. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम वीज मोजायचा एक पिवळा मीटर असतो, त्याच्या लाल आणि काळ्या वायरी बाहेर लोंबत असतात. पाहुण्याने टॉर्च टेबलावर ठेवला की बोलता बोलता ही त्यातले सेल काढून मोजणार, आणि "एक मेलाय" असं सांगून परत भरून देणार. पाहुण्याने विचारलेलं नसतं ते वेगळं.

सव्वीस वर्षं ती मोटारी भरते. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, वेढे मोजायचे आणि नवी तार तेवढेच वेढे देऊन बसवायची. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला चहा द्यायला दुकानाच्या मागच्या खोलीत जायची. एकदा तो वेढे मोजताना चुकला, ते तिने दारातूनच सांगितलं, आणि तिथून तिचा चहा करण्याचा काळ संपला. पुढे काउंटरवर धाकटा दीर बसायला लागला. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं, तो "बघतो" म्हणायचा आणि आत येऊन वहिनीला विचारायचा. त्यामुळे मोठा कारागीर म्हणून त्याचं नाव झालं होतं. मीटरबाईला त्याचं काही नव्हतं. बोलायचं काम दुसरं कुणी करत असेल तर बरंच, असं तिचं मत.

एका सकाळी टेकडीवरच्या दवाखान्यातली सिस्टर दुकानात आली. पिशवीतून तिने जळालेला कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला. टेकडीवर विजेची लाईन नाही. छपरावर सोलरच्या चार पट्ट्या, मागे उंच खांबावर पवनचक्की, खोलीत चोवीस व्होल्टचा बॅटऱ्यांचा संच. या दोन्हींकडून येणारी वीज बॅटऱ्यांना किती द्यायची आणि कुठे थांबवायची, हे ठरवणारी डबी म्हणजे कंट्रोलर. तीन वर्षांतला हा तिसरा. आत बोट घातलं तर काजळी येत होती.

दिराने सवयीप्रमाणे "बघतो" म्हटलं. पण सिस्टर हलली नाही. तिने एक पत्रही आणलं होतं. तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं की, लसींचा फ्रिज पुन्हा एकदा बंद पडला तर दवाखाना खाली हमरस्त्याला हलवण्यात येईल. खाली म्हणजे वरच्या वस्त्यांपासून तीन तासांची पायपीट, आणि तीही दिवस भरलेल्या बायांनी. विक्रेत्याकडचा इंजिनिअर म्हणत होता, वीज कोसळली असेल, आता यापेक्षा मोठा कंट्रोलर घ्या. सिस्टरला त्याचं पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगताही येत नव्हतं.

मीटरबाई हात पुसत बाहेर आली आणि तिने एकच गोष्ट विचारली: तिन्ही जळाले ते दिवस कसे होते?

सिस्टर नोंदी ठेवणारी बाई. तिने वही उघडली. पहिला जळाला तेव्हा लख्ख ऊन आणि जोराचा वारा. दुसऱ्याला तेच. तिसऱ्यालाही. दीर म्हणाला, मग वीज कोसळली कुठून, आभाळ तर कोरडं होतं. मीटरबाईने पुढचं विचारलं: त्या वेळी दवाखान्यात काय काय चालू होतं?

सिस्टरचा चेहरा जरा उजळला. काहीच नव्हतं, ती म्हणाली. वारा चांगला सुटला की मी फ्रिज सोडून सगळं बंद करते, दिवे, पंखे, कात्र्या-चिमटे उकळायचं यंत्र, सगळं. संध्याकाळी एखादी बाळंतीण आली तर बॅटऱ्या भरलेल्या असाव्यात. बाळंतिणीच्या खोलीत अंधार झाला होता एकदा, तेव्हापासून मी एक बल्बसुद्धा वाया जाऊ देत नाही.

मीटरबाईने मान हलवली. दिराला कळलं की वहिनीला काहीतरी सापडलंय, कारण नुकताच आलेला चहा तिने न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढली. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि खांद्याच्या पिशवीत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर. वारा बेताचा होता. कंट्रोलर नसल्याने तिने चक्की तात्पुरती थेट बॅटऱ्यांना जोडली, तेव्हा तारांवर मीटरने सत्तावीस व्होल्ट दाखवले. इंजिनिअरनेही दरवेळी हेच मोजलं होतं आणि हेच पाहून तो निर्धास्त झाला होता. मीटरबाईने चक्कीची तार बॅटरीपासून सोडवली. वर पाती सूं सूं करत वेगात फिरू लागली. चाळीस. पंचावन्न. सत्तर. सिस्टर खिडकीतून मागे सरकली. ब्याऐंशीला मीटरबाईने हाताचा ब्रेक ओढला. त्या ब्रेकने चक्कीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातात, तेव्हा पाती जड होत होत जवळजवळ थांबली.

जळालेल्या कंट्रोलरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: पन्नास व्होल्टपर्यंत.

झालं होतं ते इतकंच. बॅटऱ्या भरल्या की कंट्रोलर येणारी वीज तोडायचा. सोलरच्या पट्टीला तोडलं तर ती बिचारी उन्हात गप पडून राहते. पवनचक्कीला तोडलं तर ती उतारावर हात सुटलेल्या हातगाडीसारखी पळत सुटते, व्होल्ट चढत जातात आणि पहिला बळी त्या डबीचाच पडतो. इंजिनिअरने दरवेळी अँपिअर वाढवले होते, वीस, मग तीस, मग साठ. व्होल्टचा आकडा तिन्ही डब्यांवर तोच होता आणि तो कुणी वाचलाच नव्हता.

आणि बॅटऱ्या इतक्या चटकन भरत होत्या, कारण सिस्टर सगळं बंद करत होती.

हे सांगितल्यावर सिस्टर खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं ती एकेका बल्बसाठी जिवाचं रान करत होती.

"म्हणजे मीच जाळले," ती म्हणाली.

मीटरबाईला गोड बोलता येत नाही, हे तिलाही माहीत आहे. पण त्या दिवशी तिने सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात ग्रीसने भरलेला होता.

"तुम्ही वाचवत होता. वाचवलेलं ठेवायला जागा नव्हती, ती चूक यंत्र बसवणाऱ्याची. जागा मी करते."

इंजिनिअरला बोलावून घेतलं. गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत माहितीपत्रक, आणि एका मोटारी भरणाऱ्या बाईने आपल्याला बोलवावं याचं आश्चर्य तोंडावर. पुन्हा मोठा कंट्रोलर, पुन्हा जादा अँपिअर, असं त्याचं सुरू झालं. मीटरबाईने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "बॅटऱ्या भरल्यावर वाऱ्याची वीज कुठे जाते?"

"कंट्रोलर बंद करतो ती."

"कंट्रोलर वारा बंद करतो का?"

तो माहितीपत्रक चाळू लागला. शेवटी त्याने ते मिटलं आणि मुकाट्याने सामानाची यादी लिहून घ्यायला पेन काढलं. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

यादी मीटरबाईची. सूर्याला वेगळा कंट्रोलर आणि वाऱ्याला वेगळा, दोन्ही बॅटऱ्यांना जुळणारे, चोवीस व्होल्टचेच. सोलरचा शंभर व्होल्टपर्यंत सोसणारा, कारण थंडीत सकाळी पट्ट्या जास्त व्होल्ट देतात. तिने एका थंड सकाळी ऊन येताच शिडीवर चढून मोजले तेव्हा अठ्ठेचाळीस भरले होते, पन्नासच्या अगदी काठावर. वाऱ्याचा कंट्रोलर असा हवा, जो बॅटऱ्या भरल्यावर चक्कीला मोकळं सोडणार नाही, जादा वीज दुसरीकडे वळवेल. दुसरीकडे म्हणजे पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या, पाणी तापवणाऱ्या कॉइलमध्ये.

दीर म्हणाला, वहिनी, घरच्या गीझरची कॉइल माळ्यावर पडलीय, ती लावू. तिने त्याला वेड्यात काढलं. ती कॉइल घरगुती विजेवर तापते, चोवीस व्होल्टवर तिला घामही फुटणार नाही, आणि चक्की पुन्हा मोकळीच पळेल. तिने गणित मांडून हीटर बनवणाऱ्याकडून मुद्दाम चोवीस व्होल्टच्या कॉइल करून घेतल्या. एक नाही, दोन. एक तुटली तरी दुसरीने चक्कीला धरून ठेवलं पाहिजे.

बसवून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांना निरोप गेला. ते आले तो दिवस अगदी हवा तसा होता: ऊन कडक आणि वारा असा की अंगणातल्या बायांना पदर आवरता आवरेना. लसीकरणाचा वार असल्याने व्हरांड्यात आया पोरं घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले की तीन डब्या जळाल्या, चौथीही याच वाऱ्यात जळणार. त्यांच्या बॅगेत दवाखाना हलवण्याचा आदेश सहीसाठी तयार होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

दुपारी बॅटऱ्या भरत आल्या. मीटरबाई सिस्टरकडे वळली.

"आता सगळं बंद करा. नेहमी करता तसं."

सिस्टर भिंतीवरच्या बटणांपाशी गेली. दिवे बंद केले. पंखे बंद केले. उकळण्याच्या यंत्राच्या बटणावर तिचं बोट थांबलं. तीन वेळा हेच केलं होतं आणि तीन वेळा जळका वास आला होता. तिने डोळे मिटले आणि ते बटणही दाबलं.

कंट्रोलरमध्ये टक् असा आवाज झाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. पाती फिरत होती, जोरात पण तालात, हातगाडीला मागून कुणी धरून ठेवावं तशी. मीटरवर साडेअठ्ठावीस. वाऱ्याचा मोठा झोत आला, खांबाच्या तारा गुणगुणल्या, इंजिनिअरने श्वास रोखला. एकोणतीसला एक नखभर कमी, आणि परत साडेअठ्ठावीस. पाच मिनिटं गेली. वीस गेली. आतून फ्रिजची घरघर शांतपणे येत होती. मीटरबाई पिंपाला पाठ टेकून उभी होती. तासाभराने ती झटकन पुढे झाली, कारण पाठ भाजली.

मग ती हसली. दीर पुढे सांगत होता की वहिनीला असं मोठ्याने हसताना त्याने आयुष्यात दोनदाच पाहिलं, आणि पहिल्यांदा तो स्वतः शिडीवरून पडला होता.

डॉक्टरांनी पिंपात बोट घालून पाहिलं आणि चटकन बाहेर काढलं. मग त्यांनी विचारलं, हे पाणी रोज मिळेल का? वारा असेल त्या दिवशी, मीटरबाई म्हणाली, आणि इथे वारा नसतो कधी? डॉक्टरांनी बॅगेतून आदेश काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: दवाखाना आहे तिथेच राहील. सही करून कागद त्यांनी सिस्टरच्या हातात दिला. इंजिनिअरने मीटरबाईला वाकून विचारलं की ते कॉइलचं गणित मला एकदा शिकवाल का. तिने त्याच्याच माहितीपत्रकाच्या पाठीवर ते लिहून दिलं.

सिस्टरने कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि पिंपातून बादली भरून व्हरांड्यात गेली. तीन वर्षांत तिने कुणाला एका दिव्याची चैन करू दिली नव्हती. आता ती तान्ही पोरं घेऊन बसलेल्या बायांपुढे उभी राहिली. चेहरा रडून लाल झाला होता, पण आवाज खणखणीत होता.

"घ्या गं, ऊन पाणी घ्या, पोरांना धुवा, हवं तेवढं घ्या. वारा सुटलाय."