कानबाई कुरिअरनं गेली

रोज पूजा आटोपली की मी वहीत चार ओळी लिहिते. तिथी, किती माळा झाल्या, घरी कोण आलं, कोणाच्या दुखण्याची बातमी कळली. श्रावणातल्या त्या शुक्रवारच्या पानावर मात्र एकच ओळ आहे. “शोभाबाईंची कानबाई कुरिअरनं गेली.” पुढे लिहायला हात चालला नाही. आज महिनाभरानं सगळं सविस्तर लिहिते आहे.

शोभाबाई सुरतेतल्या डिंडोलीत, आमच्याच गल्लीत, आमच्या समोरच्या घरात राहतात. माहेर-सासर दोन्ही शिंदखेड्याकडचं. सुकलालभाऊंशी लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं सुरतेला आले. भाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लागले. गाडीत सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि भाऊंच्या मांडीवर पिढीजात कानबाई. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई म्हणजे नारळाच्या रूपातली आमची कुळाची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला साडीचोळी, नथ, डोरलं घालून बसवतात, सोमवारी मिरवत नदीवर नेतात आणि स्नान घालून नारळ परत घरी आणतात. शोभाबाईंकडचा नारळ भाऊंच्या पणजीच्या वेळचा. आतलं खोबरं कधीच सुकून गेलेलं, नारळ पिसासारखा हलका.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. शोभाबाई घरी साड्यांचे धागे कापायचं काम करतात, मार्केटातनं उरलेले कटपीस आणतात आणि त्यातून कानबाईचे कपडे शिवतात. वीतभर साडी, तिला मोत्याची लेस, बोटाएवढी चोळी. नवागामपासून बमरोलीपर्यंत बायका त्यांच्याकडूनच नेतात. यंदा त्यांच्या सुनेनं, चंचलनं, मनावर घेतलं.

“मम्मी, ऑनलाइन दुकान काढू ने आपण. नाशिक-पुण्यात किती खानदेशी लोक पडलेत!”

“दुकान आसं भिंतीबिगर राहतं का व?” शोभाबाईंनी मला विचारलं. मला तरी काय ठाऊक!

चंचल बारावी शिकलेली, सुरतेतच वाढलेली. मोबाइलवर बसून तिनं दुकान उभं केलं. दुकानात काय काय असावं, याच्या चर्चा आमच्या ओट्यावर रोज झाल्या आणि त्या माझ्या वहीत आहेत. माप इंचात लिहायचं की वितीत? ठरलं, दोन्ही. गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागायचा का? चंचल म्हणाली, “फार रकाने ठेवले की लोक कंटाळून निघून जातात.” तो रकाना सक्तीचा ठेवला नाही. माल परत घ्यायचा का? इथे शोभाबाई ठाम. “देवीला वाहिलेलं परत घेत नाहीत. पाप लागतं.” चंचलनं ‘परत घेतलं जाणार नाही’ असं टाकून दिलं. डब्यात नक्की काय काय येईल हे लिहायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्याऐवजी लिहिलं, “संपूर्ण साज, फोटोप्रमाणे.”

आणि फोटो. आधी बाजारातल्या नारळाला साडी नेसवून काढला होता. तो नारळ मेला बटाट्यासारखा दिसायचा. मीच म्हटलं, “शोभाबाई, तुमच्या मायला नेसवा आणि काढा. तेज येईल.” देवाची शपथ, चांगल्या मनानं म्हटलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी लाल साज नेसवून, नथ घालून, पदर ओढून कानबाईला पुढच्या खोलीतल्या टेबलावर बसवलं. चंचल फोटो काढून कटपीस आणायला मार्केटात गेली. आम्ही दोघी जिवतीच्या पूजेला मंदिरात गेलो. घरात कोणी नव्हतं. शोभाबाईंचा मुलगा धर्मेंद्र रात्रपाळी संपवून आला तेव्हा वाटेतच त्याला चंचलचा फोन आलेला होता. “दोंडाईचाची ऑर्डर आहे. लाल साज टेबलवर आहे. बांधून ठेवा, कुरिअरवाला बाराला येतो.”

टेबलावर लाल साज होता. नारळासकट.

आम्ही मंदिरातून आलो. शोभाबाई आत गेल्या आणि मी माझ्या दाराचं कुलूप काढेपर्यंत त्यांची किंकाळी आली.

“सरलाबाईऽ! मन्ही माय नही व टेबलवर!”

मी पळत गेले. धर्मेंद्र भाकरीचा घास हातात धरून बसला होता.

“टेबलवरचा नारळ? तो पाठवला मी.”

“कोठे?”

“दोंडाईचा. ऑर्डरीत लिहिलं होतं फोटोप्रमाणे. मला वाटलं फोटोचा नारळ आहे, बाजारातला. पदर होता ना तोंडावर.” मग त्याचा आवाजच बारीक झाला. “हलका लागला. म्हटलं, वाळला असेल.”

शोभाबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या त्याच्याकडे, जणू ओळख पटत नाही.

“तुन्हा बापनी मांडीवर बसाडीसन लयेल व्हती तिले. नी तू डब्बामा घाली दिन्ही?”

घास ताटात पडला. माझ्या तोंडातून एकच निघत होतं, अरे देवा, अरे देवा. खरा साज प्लास्टिकच्या पिशवीत, टेबलावरून घसरून स्टुलाखाली पडलेला, जसाच्या तसा होता. आणि कानबाईचा रविवार नऊ दिवसांवर.

चंचल धावत आली आणि तिनं कुरिअरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, पार्सल परत मागवता येईल, पण उलट फिरून यायला दहा-बारा दिवस. म्हणजे रविवार गेलाच. ऑर्डरवर नाव होतं कविता, पत्ता महादेवपुरा, दोंडाईचा. फोनच्या रकान्यात काही नाही.

“तुझा तो रकाना!” धर्मेंद्र चंचलवर ओरडला.

“आणि तुमचे डोळे?” ती म्हणाली. “स्वतःची देवी ओळखू येत नाही?”

ठरलं असं की पार्सल जाऊ द्यायचं, पोचलं की जाऊन आणायचं. चंचलनं कविताला ईमेल केला. दोन, तीन, चार. उत्तर नाही.

मग सुरू झालं ते बघणं. पार्सल कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. दोंडाईचा म्हणजे आमच्या उधना स्टेशनाहून गाडीनं चार-पाच तास. पण शनिवारी कानबाई अंकलेश्वरला. रविवारी भिवंडीला! शोभाबाईंनी डोक्याला हात लावला. “भिवंडीमा तिन्हं कोन शे?” सोमवारी नाशिक. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. देव्हाऱ्यात कानबाईची जागा रिकामी, तिथे त्यांनी दिवा लावून ठेवला आणि प्रत्येक वेळी चंचलला विचारायच्या, “डब्बा उलथा तं नही ना ठेयेल?” हे मोबाइलवर दिसत नाही. मीही अकरा माळांच्या एकवीस केल्या. मनात एकच, सूचना माझी होती.

बुधवारी दुपारी मोबाइलवर हिरवी खूण आली. पोचलं. आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी चंचलनं असा आवाज काढला की मला वाटलं तिला विजेचा धक्का बसला.

दुकानाच्या पानावर अभिप्राय आला होता. पाच तारे. खाली फोटो. चौरंग, झेंडूची माळ, दोन समया आणि मधोमध आमची कानबाई! खाली लिहिलं होतं, “साज मागवला होता, माय स्वतः आली. आमच्या घरी जन्मात असं झालं नव्हतं.”

शोभाबाईंनी मोबाइल कपाळाला लावला. चंचलनं त्या अभिप्रायाखालीच आपला नंबर टाकला. गुरुवारी सकाळी फोन आला. चंचलनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “ताई, जरा परत पाठवता का? आम्ही उचलायला माणूस पाठवतो.”

“तुमच्याच दुकानात लिहिलंय ना, परत घेतलं जाणार नाही?” कविता म्हणाली. “आणि घरी आलेल्या मायला मी खोक्यात घालू? माझ्यानं नाही होणार. न्यायची तर तुम्ही या.”

शोभाबाईंनी फोन ओढून घेतला. मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, “बरोबर बोलनी तू बेटा. मीच येस तिले लेवाले.”

शुक्रवारी सकाळी आम्ही उधन्याहून गाडी धरली. शोभाबाई, धर्मेंद्र आणि मी. शोभाबाईंच्या मांडीवर खण-नारळाची पिशवी. पूर्ण वाटेत त्या धर्मेंद्रशी बोलल्या नाहीत. नंदुरबारला त्यानं भजी आणून पुढे केली. त्यांनी मला दिली.

कविताचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. वय तिशीचं. नवरा भिकन हमाली करतो. गल्लीतल्या बायका दर्शनाला बसलेल्या होत्या. शोभाबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि मग चौरंगापुढे जाऊन त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं, ते किती वेळ उचललंच नाही. कविता भिंतीला टेकून रडत होती.

हळूहळू कळलं. यांच्या कुळाची कानबाई थोरल्या जावेकडे असते. दोन वर्षांपूर्वी घराच्या भिंतीवरून भावाभावांत फाटलं आणि जावेनं निरोप पाठवला, रोटाला येऊ नका. कानबाईचा रोट, म्हणजे सव्वाच्या मापानं दळलेल्या गव्हाचा गोड प्रसाद. तो भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळातल्यांतच, खातात, लेकीलासुद्धा लग्न झालं की देत नाहीत. त्यातून बाहेर पडणं म्हणजे कुळातून नाव पुसणंच.

“म्हणून म्हटलं यंदा आपलीच बसवू,” कविता म्हणाली. “साज मागवला. खोकं जमिनीवर फोडलं आणि कागदातून नथ दिसली. मी ओरडलेच. मला वाटलं तिला आमची दया आली.”

आता हिच्या समोरून ती उचलायची कशी, हा प्रश्न माझ्या तोंडावर लिहिलेला असणार. रविवार दोन दिवसांवर होता आणि शोभाबाईंच्या घरी चाळीस माणसं बसणार होती.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. शनिवारी सकाळी कवितानं ओटी भरली, दही-भाताचा नैवेद्य दाखवला आणि स्वतःच्या हातानं कानबाई उचलून शोभाबाईंच्या मांडीवर दिली. हात सोडवेना तिला. तेव्हा शोभाबाई म्हणाल्या, “उद्या सुरतले ये. रोटले. जोडीनं ये. नी तुन्हा घरना गहू लई ये.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. धर्मेंद्रनं माझ्याकडे बघितलं. परक्या कुळाची बाई रोटाला? माझ्या साठ वर्षांत असं ना ऐकलं ना पाहिलं.

परतीच्या गाडीत शोभाबाई पहिल्यांदा धर्मेंद्रशी बोलल्या. “ने,” म्हणाल्या, आणि कानबाई त्याच्या मांडीवर ठेवली. उधन्यापर्यंत तो हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी.

घरी येताच चंचलनं दुकानाच्या पानावर चार ओळी घातल्या. डब्यात साडी, चोळी, नथ, डोरलं, बस. नारळ येणार नाही. फोटोतली माय आमच्या घरची आहे. फोन नंबर दिल्याशिवाय ऑर्डर पुढे जाणार नाही. मी वहीत उतरवून ठेवलं. कोणी दुकान काढणार असेल तर आधी हे लिहा बाई, बाकी मग.

रविवारी कविता आणि भिकन आले. हातात गव्हाची कापडी पिशवी. सुकलालभाऊंचे धाकटे भाऊ धुडकू पाहुण्यांत बसलेले, त्यांना कळलं आणि ते उठून उभेच राहिले.

“वहिनी, रोट भाऊबंदकीचा राहतो! हे दोंडाईचाचे कोण आपले?”

मी माळ घट्ट धरली. कविता दारातच थांबली, एक पाय आत, एक बाहेर.

शोभाबाई परातीत पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “माय तीन रात तिन्हा घर ऱ्हायनी, धुडकू. तिनी दिवा लावा, निवद दाखाडा. तुन्हा घर एक रात तरी ऱ्हायनी का ती?”

धुडकूभाऊंनी कानबाईकडे बघितलं. मग कविताच्या हातातल्या पिशवीकडे.

“सव्वाच्या मापानं आणलेत का?” त्यांनी विचारलं.

“हो भाऊ,” भिकन म्हणाला.

“मग दारात काय उभे राहिलात? जात्यावर द्या ते. उशीर होतोय.”