चार धाटांची चौकट

रंगनाथ मास्तर रोज फळ्यावर तीन गणितं सोडवून ठेवत आणि त्यातलं एक जाणूनबुजून चुकवत. कोणतं ते सांगत नसत. आम्ही सातवीची पोरं बसलो की हाताचा खडू झटकून म्हणत, "चला, चोर धरा." चोर सापडला नाही तर तो दुसऱ्या दिवशीही फळ्यावर तसाच राही.

ते निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली, तरी उत्तराला त्यांच्या तोंडी 'जवाब' हाच शब्द येई. "जवाब पाठ करू नका रे. जवाब पाठ झाला की डोकं निजतं," असं ते म्हणत. आणि कुणी घाईनं हात वर केला की, "जल्दी न्हाय. आधी पडताळा बघ, मग हात वर कर." त्यांची मुलगी शांता आमच्याच वर्गात होती. चोर बहुतेक वेळा तीच धरायची. दुसरा नंबर माझा. हे मी हिशेबानं सांगतो. दहांतले सहा तिचे, तीन माझे.

चौकोनी जमिनीचं क्षेत्रफळ काढायची एक रीत आमच्याकडं मोठी माणसंही वापरत. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. मास्तरांनी ही रीत चूक आहे असं कधी म्हटलं नाही. एक दिवस त्यांनी ज्वारीची चार सारखी धाटं आणवली, कोपऱ्यांत बाभळीचे काटे टोचले आणि ती चौकट शांताच्या हातात दिली.

"दाब."

तिनं समोरासमोरचे दोन कोपरे दाबले. चौकट तिरपी झाली, मग पार चपटी.

"बाजू कमी झाल्या का?"

"नाही."

"मग आतली जमीन कुठं गेली?"

त्या प्रश्नावर त्यांनी आम्हाला दोन दिवस बसवलं. दोनदा अडलो की एक इशारा मिळे, तोही प्रश्नाच्याच रूपात. शेवटी शांतानं धरलं.

पुढच्याच आठवड्यात तपासणी आली. तपासनीस साहेब आमच्या वर्गात आले तेव्हा फळ्यावर रोजच्यासारखी तीन गणितं होती. त्यातलं तिसरं तिरप्या वावराचं होतं. चारही बाजू पन्नास हात, कर्ण साठ आणि ऐंशी, आणि खाली उत्तर अडीच हजार चौरस हात. साहेबांनी बाजूंचा गुणाकार तोंडी केला, खडू घेतला आणि तिन्ही गणितांवर बरोबरची खूण केली.

मी उभा राहिलो. "साहेब, तिसरं चुकलंय."

"कुठं चुकलंय? पन्नास पन्नास किती होतात?"

मास्तर मला गप्प बसवू शकले असते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "उठलास तर पडताळा दे, व्यंकट."

मी शांताजवळची चौकट घेतली, दाबून दाखवली आणि कर्णांवरून खरं उत्तर चोवीसशे येतं हे सांगितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग हसला. साहेबांच्या हातात खडू तसाच होता.

शेरा आला तो असा: 'शिक्षक फळ्यावर चुकीची गणिते लिहितात.' मास्तरांनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाले, "यात एक शब्दसुद्धा खोटा न्हाय. हाच खरा पक्का चोर." महिन्याच्या आत त्यांची बदली सास्तूरकडच्या एका खेड्यात झाली. तिथं शाळा चौथीपर्यंतच होती. शांता घरी बसली. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं.

मी उभा राहिलो नसतो तर ती शिकली असती. मास्तर मला कधी तसं म्हणाले नाहीत. मीच ते रोज म्हणत होतो, आणि म्हणून त्या साहेबांचा सूड घ्यायचा हे मी ठरवून ठेवलं होतं. सभ्य दिसावं म्हणून आता ते लपवत नाही.

बारा वर्षांनी संधी चालत आली. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी मोजणीच्या कचेरीत कारकून होतो. साहेब निवृत्त होऊन तिथंच घर बांधत होते. त्यांचा अर्ज असा: माझ्या प्लॉटच्या दोन बाजू ऐंशी फूट, दोन पन्नास फूट, म्हणजे जागा चार हजार चौरस फूट. नकाशात तीन हजार आठशे चाळीसच भरते. उरलेली एकशे साठ शेजारच्या शिंप्यानं दाबली, त्याची भिंत पाडावी.

नकाशा पाहिला. प्लॉट तिरपा होता. तीच चूक, तोच माणूस. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"साहेब, चूक तुमच्या अर्जातच आहे," मी म्हणालो. "शोधा. तोवर अर्ज पुढं जात नाही."

"कारकुनानं मला गणित शिकवायचं?"

"मी शिकवत नाही. तुम्ही बाकावर बसा."

अकरा ते पाच ते बसले. ऐंशी गुणिले पन्नास त्यांनी सात वेळा केलं. प्रत्येक वेळी चार हजार आले. "अहो, गुणाकार तर बरोबर आहे!" ते म्हणायचे. "गुणाकार बरोबर आहे," एवढंच मी म्हणायचो. शिपाईसुद्धा हसू लागला. पाच वाजता ते उठले. "सोमवारी कोर्टात जातो. मग बघतो तुला आणि त्या शिंप्याला."

रविवारी मी येरमाळ्याला गेलो. निवृत्तीनंतर मास्तर तिथं राहत. ही बातमी मी त्यांना भेट म्हणून घेऊन गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इशारे किती दिलेस?"

"एकही नाही."

"मग तू शिकवलं न्हाईस. नुसतं ताटकळत ठेवलंस."

"तुमच्यासाठी केलं, मास्तर. शांतासाठी केलं."

"आन् शिंप्याची भिंत कुणासाठी पाडतोस?"

त्यांनी शेजारच्या कडब्यातून चार धाटं ओढली, दोन लांब, दोन आखूड. बाभळीचे काटे मीच तोडून दिले.

सोमवारी सकाळी आम्ही साहेबांच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या दारात उभे होतो. "कोण आपण?" त्यांनी विचारलं.

"रंगनाथ. मास्तर होतो. तुमच्या शेऱ्यावर बदली झालेला."

साहेबांनी दाराची कडी धरली. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांना सगळंच ओळखू आलं. "घाबरू नका. आत बसू," मास्तर म्हणाले. त्यांनी चौकट साहेबांच्या हातात दिली. "दाबा."

साहेबांनी दाबली.

"बाजू कमी झाल्या का?"

"नाही."

"आतली जागा?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "जल्दी न्हाय," मास्तर म्हणाले. पाऊण तास गेला. त्यात मास्तरांनी तीन प्रश्न विचारले, उत्तर एकाही प्रश्नात नव्हतं. मग साहेबांनी खिडकीतून प्लॉटच्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "प्लॉट तिरपा आहे. शिंप्यानं काही दाबलेलं नाही."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. आम्हाला म्हणायचे तसंच, त्याच आवाजात.

साहेब चौकट परत देऊ लागले. मास्तरांनी घेतली नाही. उंबऱ्यात वहाणा घालताना ते म्हणाले, "हे माझी शांता सातवीत ओळखायची, साहेब. पुढं शिकली न्हाय."

साहेबांनी त्याच दुपारी अर्ज मागं घेतला. माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. मला त्याचा आनंद झाला, आणि तो मी आजही कमी करून सांगणार नाही.

मास्तर गेले तेव्हा दहाव्याला शांता भेटली. तिच्या पोरी आता हायस्कुलात होत्या. मी तिला ही सगळी हकिकत सांगितली. तिनं मधेच थांबवलं.

"त्याला पण शाब्बास म्हणले?"

"हो."

तिचा चेहरा उतरला. ती पदराची कड बोटावर गुंडाळत राहिली. मग मी तिला उंबऱ्यातलं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्दही इकडचा तिकडं न करता.

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"त्याच्या तोंडावर?"

"तोंडावर."

"मग झालं," शांता म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.